दारात उभं राहिलं की उडी मारता येते

बाहेर पडलं की इथेच काहीतरी होणार असं वाटतं, मॉलमध्ये नको, स्टेशनवर नको, मुलांना गर्दीत पाठवू का नको, हे सांगणारे लोक कुठेही दहशतवादी हल्ला झाला की पुढचा महिना-दोन महिने माझ्याकडे समुपदेशनाला येतच राहतात. पहलगामनंतर (२२ एप्रिल २०२५, २६ माणसं गेली) जरा जास्तच आले, कारण त्यातले तिघं डोंबिवलीचे होते आणि माझ्याकडे येणारे बरेचसे त्याच पट्ट्यातले. आपल्या स्टेशनवर उतरणारी माणसं गेली म्हटल्यावर ती नुसती बातमी राहत नाही.

त्यातल्या एकांना संदीप म्हणू. नाव खरं नाही आणि घर, नोकरी वगैरेही बदललंय. चाळिशी ओलांडलेले, अकाउंट्समधे, ऑफिस परळला, नोकरी लागल्यापासून सेंट्रलनेच जाणारा माणूस. बायको घेऊन आली होती आणि तक्रार काय तर झोप लागत नाही. "भीतीबिती काही नाही हो मॅडम" हे त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, जे बहुतेक पुरुष सांगतात.

मग हळूहळू निघालं एकेक. गाडीत चढलं की आधी रॅककडे बघायचं, कुठली बॅग कुणाची ते मनात जुळवायचं, एखादी नाही जुळली तर "ही कुणाची?" म्हणून डबाभर विचारायचं, लोक वैतागायचे. फर्स्टचा पास असून सेकंडमधे चढायचं कारण ११ जुलै २००६ ला सातही बॉम्ब फर्स्ट क्लासमधे होते. मी म्हटलं ते वेस्टर्नला झालं, तर लगेच म्हणाले, २००३ चा मुलुंडचा सेंट्रललाच होता की, आणि त्यांचं बरोबर होतं. गाडीतल्या ग्रुपमधे एक मुसलमान मित्र, वर्षानुवर्षं डबा शेअर केलेला, त्याच्या शेजारी बसणंही बंद केलेलं, आणि त्याची स्वतःलाच इतकी लाज वाटत होती की ते बायकोला बाहेर बसवून सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी, सहज सांगितल्यासारखं, की मी आत जातच नाही आता, दारातच उभा राहतो.

का?

"काही झालं तर उडी मारता येते ना."

चालत्या फास्टमधून. दिवा-मुंब्र्याच्या मधे.

आता इथे कुणालाही वाटेल की समोर आकडे टाकावेत आणि मोकळं व्हावं. आकडे आहेतच. मुंबई लोकलवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातले गाडीत आजारपणाने वगैरे गेलेले सोडले तरी रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून गेलेलेच दीड हजाराच्या वर. आणि १९९३ चे स्फोट (२५७ बळी), २००३ चे, २००६ चे लोकलमधले, २६/११ (१६६), २०११ चे झवेरी बाजार-ऑपेरा हाऊस-दादर, हे मुंबईतलं सगळं एकत्र केलं तरी बेरीज हजारात येत नाही, तीस वर्षांची. म्हणजे ते ज्याच्यापासून पळत होते त्यापेक्षा कितीतरी मोठा धोका ते रोज हँडल धरून लटकत घेत होते.

पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून काही होत नाही, उलट त्याला वाटतं ही बाई मला मूर्ख समजते. सोशल मीडियावर हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी "खड्ड्यांनी याहून जास्त मरतात" असं लिहिणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो, हिशेब बरोबर असतो पण ती वेळ असते का? शेवटी आकड्यांचा विषय संदीपनीच काढला आणि वर म्हणाले, "ते सगळं माहितीये मॅडम, पण पडतो तो स्वतःच्या चुकीने पडतो. बॉम्ब कोणीतरी मुद्दाम ठेवतो."

हे महत्त्वाचं आहे. धोका मोजताना आपण फक्त किती मेले हे मोजत नाही, कुणी मारलं, का मारलं, आपल्या हातात काही होतं का हेही मोजतो. पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्यभर काम केलंय, की जो धोका आपल्या ताब्यात नाही आणि एका झटक्यात खूप जणांना नेतो तो आपल्याला हिशेबापेक्षा मोठा दिसतो. दारात उभं राहिलं की हँडल आपल्या हातात असतं, म्हणून दार सेफ वाटतं. भीती खोटी नसते, तिचा पत्ता चुकलेला असतो. आणि मुद्दाम माणसं मारण्याबद्दलचा संताप तर अगदी रास्त आहे, तो मी कमी करायला जात नाही.

मग ९ जून आला. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून जाताना फुटबोर्डवर लटकलेले लोक घासून खाली पडले, त्याच दिवशी चार जण गेले. संदीप त्या गाडीत नव्हते. मला वाटलं आता तरी दार सुटेल, आणि सुटलं, पण भलतीकडेच, त्यांनी ट्रेनच सोडली आणि बाईक काढली. डोंबिवली ते परळ, शिळफाट्यावरून, पावसाळा तोंडावर आलेला, हेल्मेट "हायवेला घालतो ना".

तेव्हा मात्र मी त्यांना ९/११ नंतरची गोष्ट सांगितली. त्या हल्ल्यानंतर अमेरिकेत लाखो लोकांनी विमान टाळून गाडी काढली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षभराचा हिशेब मांडला तर रस्त्यावर नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार माणसं जास्त मेलेली निघाली, आणि हल्ल्यातल्या चारही विमानांतले प्रवासी आणि कर्मचारी मिळून होते २४६. त्या दीड हजारांची ना कुठे बातमी, ना मेणबत्त्या. आपल्याकडे तर २०२२ मधे रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली पंधरा हजारांवर महाराष्ट्रातली.

ते गप्प बसले, मग बायकोकडे बघून म्हणाले, "हिने हेच सांगितलं होतं, आकडे सोडून." बायकोने तिथल्या तिथे हात जोडले.

पुढचं काम आकड्यांचं नव्हतंच, सवयीचं होतं. रॅक तपासला की दहा मिनिटं बरं वाटतं आणि डोक्याला वाटतं आपण तपासलं म्हणून वाचलो, म्हणून उद्या परत तपासायचं आणि परवा जास्त तपासायचं, असं ते वाढत जातं. ते मोडायचं तर न तपासता तीच भीती अंगावर घेऊन बसावं लागतं, थोडी थोडी. आम्ही दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीपासून सुरुवात केली, डोंबिवली ते ठाणे, सीटवर बसून, रॅककडे न बघता, छाती धडधडली तर धडधडू दे पण मधे उतरायचं नाही. आधी बायकोबरोबर, मग एकट्याने, मग गर्दीच्या वेळी, मग फर्स्टमधे. ठाण्यापर्यंत धडधड आपोआप उतरते हे त्यांना माझ्या सांगण्याने पटलं नसतं, ते स्वतःच्या छातीवर कळावं लागतं. बेवारस बॅग खरंच दिसली तर हात लावायचा नाही, आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवायचं आणि विषय तिथे सोडायचा, एवढं ठरवून दिलं, कारण "काहीच करू नका" म्हटलं की माणूस अजून बिथरतो.

दुसरं, टीव्ही. मे महिन्यात रात्री जेवताना बातम्या, झोपताना मोबाईलवर बातम्या, आणि चॅनलवाले तर कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे सायरन वाजवत होते, शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की सायरन बंद करा. जे डोळ्यासमोर पटकन येतं ते जास्त वेळा घडतं असं मन धरून चालतं, आणि एकच दृश्य दिवसात चाळीस वेळा दाखवलं की मनाच्या हिशेबात ते चाळीस हल्ले होतात. संध्याकाळी एकदा वाचायच्या बातम्या, व्हिडिओ नाही, बेडरूममधे नाही. हे त्यांना गाडीपेक्षा अवघड गेलं, खरं सांगायचं तर.

आता ते गाडीने जातात, आत उभं राहून. मित्राशी बोलले, काय बोलले ते मी विचारलं नाही पण डबा परत शेअर होतोय. कुठे काही घडल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस झोप उडते, दिल्लीत नोव्हेंबरमधे लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला तेव्हाही उडाली, फोन आला होता. तेवढं होणारच म्हटलं, कुणाचीही उडते. दारात गेलात का? नाही म्हणाले, पण फर्स्ट सोडून सेकंडमधे चढलो एक दिवस. चालेल.

तुमच्याकडेही असं काही चालू असेल तर हल्ल्यानंतरचे पहिले काही दिवस फार मनावर घेऊ नका, ती भीती बहुतेकांची आपोआप उतरते. महिना झाला तरी झोप नाही, कामावर जाणं टळतंय, ठिकाणं एकेक करून सुटत चालली आहेत असं दिसलं तर मात्र थांबू नका. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू आणि फुकट, मराठीतही बोलता येतं.