बाणेरच्या सदनिकेत भाडेकरू का टिकत नाहीत?

आपल्या बाणेरच्या दोन बेडरूमच्या सदनिकेतून तीन वर्षांत तिसरे कुटुंब अकरा महिने भरताच निघाले आहे, दर करारानंतर आपण दहा टक्के वाढ मागता, आणि आता भाडेच कमी करावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की मूळ भाडे कमी करू नका. ते परिसरातील दराला धरूनच आहे आणि तिन्ही कुटुंबे त्याच भाड्याला तयार होऊन आली होती. ती का गेली हे समजून घ्यायचे असेल, तर पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यांनी आपल्याला कशासाठी फोन केले होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे आठवून पाहा. घर सोडणार असल्याचे भाडेकरू दहाव्या महिन्यात सांगतो, पण ते त्याच्या मनात त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

मी गेली चौदा वर्षे कोथरूडमधील सदनिका भाड्याने देत आहे आणि ही गोष्ट मला पहिल्याच कुटुंबाने शिकवली. पती-पत्नी आणि दुसरीत शिकणारी मुलगी, असे ते तिघे होते. जुलैत बेडरूमच्या भिंतीला ओल आल्याचा त्या ताईंचा फोन आला. गळती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून होती, म्हणून मी सोसायटीला पत्र दिले आणि आपले काम झाले असे समजून दीड महिना गप्प राहिले. सप्टेंबरमध्ये घरी गेले, तेव्हा कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले होते, मागे पोपडे सुटून काळी बुरशी धरली होती आणि मुलीची वह्या-पुस्तके खोक्यात भरून बाहेरच्या खोलीत आणून ठेवली होती. ताईंनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, चहा केला, आणि पुढच्या महिन्यात घर सोडत असल्याची नोटीस दिली. वरच्या बाथरूममधील नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा दुरुस्त करायला प्लंबरला दोन दिवस पुरले. त्या दीड महिन्यात मी दर आठवड्याला एक फोन करून काम कुठपर्यंत आले आहे एवढे सांगितले असते, तर ते कुटुंब राहिले असते, असे मला आजही वाटते.

तेव्हापासून तक्रार आली की त्याच दिवशी कोण येईल आणि कधी येईल हे कळवायचे, आणि काम माझ्या हातात नसेल तर तेही मोकळेपणाने सांगायचे, हा नियम मी पाळत आले आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर मी भाडेकरूला पहिल्याच दिवशी देते. पंधराशे रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्याने मला न विचारता करून घ्यावी आणि बिलाचा फोटो पाठवून ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करावी, असे करारातच लिहिलेले असते. या सवलतीचा गैरफायदा आजवर कोणी घेतलेला नाही. उलट सकाळी गिझर बंद पडला आणि दहा वाजता मुलांना शाळेत सोडून कामावर जायचे आहे, अशा वेळी घरमालकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, याचे भाडेकरूला फार मोल असते. पावसाळ्याची पाहणी मात्र मी मे महिन्यातच करून घेते, कारण जूननंतर भिंती वाळतच नाहीत.

आता दहा टक्के वाढीचा हिशेब करून पाहू. समजा भाडे २६,००० रुपये आहे. दहा टक्क्यांऐवजी पाच टक्के वाढ घेतली, तर महिन्याला १,३०० आणि अकरा महिन्यांत १४,३०० रुपये कमी मिळतील. दुसरीकडे घर एकच महिना रिकामे राहिले तरी २६,००० रुपये बुडतात, त्या महिन्याचे मेंटेनन्स आपल्या खिशातून जाते, रंगकाम निघते आणि एजंटची दलाली वेगळी द्यावी लागते. चांगल्या भाडेकरूकडून जादा वाढ मागणे परवडत नाही, ते असे. वाढ किती हेही करार संपायच्या दोन महिने आधी, समोर बसून सांगावे. शाळेत जाणारी मुले असलेले कुटुंब शाळेची बस आणि पुढचे वर्ष पाहून निर्णय घेते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातील मेसेजला ते बहुधा नकारच देते.

कराराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अकरा महिन्यांचा आग्रह आपण का धरता हे मला कळले नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार असेल तर नोंदणी टळते, या समजुतीतून ही सवय रुजली आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. म्हणजे अकरा महिने ठेवून आपण काहीच वाचवत नाही. असा करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामत रकमेवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. हे नोंदणी शुल्क तीन वेळा भरण्याऐवजी तेहतीस महिन्यांच्या करारात एकदाच भरावे लागते. मी आता तेहतीस महिन्यांचाच करार करते आणि त्यात दर अकरा महिन्यांनंतरची पाच टक्के वाढ लिहून ठेवते. एक महिन्याची नोटीस देऊन दोघांनाही बाहेर पडता येते, त्यामुळे बांधले गेल्याची भावना कोणाच्याच मनात राहत नाही.

सोसायटीच्या बाबतीत भाडेकरू एकटा पडणार नाही, हेही पाहावे लागते. पार्किंगची जागा, पाहुण्यांचे नियम, उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाढला तर तो कोण देणार, हे सारे घर दाखवतानाच सांगावे. आपल्या भागात पाण्याचा प्रश्न आहे हे लपवले, तर एप्रिलमध्ये ते उघडे पडतेच. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. सोसायटी जादा मागत असेल तर तो वाद आपण घालावा, भाडेकरूच्या गळ्यात घालू नये. आणि आपल्याकडे दुसरी किल्ली असली तरी आधी विचारल्याशिवाय त्या घराचे दार उघडू नये. करार चालू आहे तोवर ते घर त्यांचे आहे.

राहता राहिली अनामत रक्कम. भिंतीचा रंग फिका पडला, चार खिळे ठोकले, याचे पैसे कापू नयेत, कारण राहत्या घराची एवढी झीज होणारच. राहायला येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्यांचे फोटो काढून ठेवले, तर जाताना वाद उरत नाही. विजेचे शेवटचे बिल वजा करून बाकीची रक्कम किल्ली हातात घेतानाच द्यावी. आत्ता निघालेल्या कुटुंबाच्या बाबतीतही हेच करा, आणि पैसे देऊन झाल्यावर त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसून या घरात काय कमी पडले ते विचारा. आपला पैसा अडकलेला नाही हे कळल्यावर माणूस खरे सांगतो, आणि चौथे कुटुंब येण्याआधी नेमके काय दुरुस्त करायचे ते आपल्याला त्यांच्याकडूनच कळेल.