नवख्या घोड्यांची शर्यत कशी वाचावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारीपासून तीन वर्षांच्या घोड्यांच्या मेडन शर्यती, म्हणजे एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. त्यांतले बरेच घोडे आयुष्यात प्रथमच धावत असतात. ज्यांची मागची कामगिरीच नाही, त्यांचा अंदाज कशावरून बांधायचा? की हा निव्वळ नशिबाचा खेळ समजावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नशिबाचा भाग आहे, पण निव्वळ नशीब नाही. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले, आणि नवख्यांच्या शर्यतीत ते कौशल्य अधिक बारकाईने वापरावे लागते, एवढाच फरक.

सर्वांत आधी वय पाहावे. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, कोणत्याही महिन्यात जन्मला असला, तरी आपल्याकडे त्याचे वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढते. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेला आणि मेमध्ये जन्मलेला, असे दोघेही कागदोपत्री तीन वर्षांचे ठरतात; प्रत्यक्षात त्यांच्यात तीन महिन्यांचे अंतर असते, आणि या वयात तीन महिने म्हणजे छाती भरण्याइतका, मागच्या पायांत जोर येण्याइतका काळ असतो. घोड्यांच्या वंशावळीची अधिकृत नोंद ठेवणारी स्टड बुकची कचेरी पुण्यातच आहे, आणि जन्मतारीख ही काही गुप्त माहिती नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीतल्या शर्यतींत मी जन्मतारखेला बरेच महत्त्व देतो. एप्रिलनंतर तेवढे देत नाही.

त्यानंतर पहाटेच्या सरावाच्या वेळा. वर्तमानपत्रांत येणारे ट्रॅकवर्क बहुतेक लोक चुकीच्या पद्धतीने वाचतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. एका घोड्यापुढे ‘८०० मीटर ५२ सेकंद, ६०० मीटर ४० सेकंद’ असे छापले आहे, आणि दुसऱ्यापुढे ‘८०० मीटर ५३, ६०० मीटर ३९, मोकळा धावला’ असे. वरवर पाहता पहिला वेगवान वाटतो. पण वजाबाकी करून पाहा. पहिल्याने सुरुवातीचे २०० मीटर १२ सेकंदांत कापले आणि उरलेल्या ६०० मीटरला दर २०० मीटरमागे सव्वातेरा सेकंदांहून अधिक घेतले, म्हणजे तो पुढे पुढे थकत गेला. दुसऱ्याने पहिले २०० मीटर १४ सेकंदांत घेतले आणि नंतर दर २०० मीटर १३ सेकंदांत, म्हणजे तो वेग वाढवत गेला आणि तेही हातचे राखून. नवख्या घोड्याच्या बाबतीत मी दुसऱ्याला अधिक पसंती देईन. सराव वाळूच्या आतल्या ट्रॅकवर झाला की बाहेरच्या, सोबत कोणता घोडा होता आणि पाठीवर जॉकी होता की सराव करवणारा जड मुलगा, हेही पाहावे. एखादा नवखा जिंकून दाखवलेल्या मोठ्या घोड्याच्या बरोबरीने शेवटपर्यंत राहिला असेल, तर ती नोंद घड्याळातल्या आकड्याहून मोलाची असते.

मॉक रेस, म्हणजे गेटमधून सुटून धावण्याचा सराव, झाली असेल तर तिचा निकाल नव्हे, सुरुवात पाहावी. मॉक रेसमध्ये कोणी चाबूक मारून जिंकायला बघत नाही. घोडा गेटमध्ये शांत उभा राहिला का, फाटक उघडताच सरळ सुटला का, पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेली माती तोंडावर आली तेव्हा मान वर काढली का, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : ‘हँडिकॅपिंग’ या शब्दाने माझा नेहमी गोंधळ होतो. क्लबचा अधिकारी वजने ठरवतो तेही हँडिकॅपिंग आणि आपण अंदाज बांधतो तेही हँडिकॅपिंगच. यांत संबंध काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संबंध थेट आहे. क्लबचा हँडिकॅपर घोड्याच्या कामगिरीवरून त्याला रेटिंग देतो आणि रेटिंगच्या एका गुणामागे साधारण अर्धा किलो या हिशेबाने पाठीवरचे वजन ठरवतो, जेणेकरून चांगला आणि साधारण घोडा, दोघांनाही संधी मिळावी. आपण करतो ते याच्या उलटे काम आहे : वजन दिल्यावरही कोण पुढे राहील, हे आपल्याला शोधायचे असते.

मेडन शर्यतीत मात्र रेटिंगचा प्रश्न येत नाही, कारण सर्व घोडे ठरावीक वजनावर धावतात आणि घोडीला बहुधा दीड किलोची सवलत असते. ही सवलत लहान समजू नये. १२०० मीटरच्या शर्यतीत सुमारे सव्वा किलोला घोड्याच्या एका लांबीचा फरक पडतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. अंतर वाढेल तसे हे प्रमाण बदलते आणि १६०० मीटरला सुमारे एक किलोलाच लांबीभर फरक पडतो. म्हणजे घोडीला सुरुवातीलाच लांबीभर पुढे उभे केल्यासारखे होते. वाढीच्या वयात घोड्या अनेकदा लवकर तयार होतात, म्हणून हंगामाच्या पहिल्या महिन्यांत घोड्यांमध्ये मिसळून धावणाऱ्या चांगल्या घोडीकडे मी दुर्लक्ष करीत नाही. १९४३ साली झालेली पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेच जिंकली होती.

प्रश्न : वडील मला लहानपणी रेसला नेत असत आणि पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी उभे करून ‘घोडा बघायला शीक’ म्हणत. नेमके काय बघायचे, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आता ते नाहीत. आपण सांगाल का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वडिलांनी योग्य जागी उभे केले होते. नवख्या घोड्याची खरी ओळख कठड्याशीच होते, कारण कागदावर त्याच्याविषयी फारच थोडे असते.

प्रथम चाल पाहा. घोडा समोरून येताना नव्हे, आपल्याला ओलांडून पुढे जाताना पाहा. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडत असेल, मान सैल असेल आणि सईसाच्या हातातली दोरी ताणलेली नसेल, तर तो घोडा अंगाने मोकळा आहे. नंतर घाम पाहा. मुंबईच्या उकाड्यात मानेवर थोडा घाम येणारच, त्याला घाबरू नये. पण मागच्या दोन मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसू लागला, तर घोडा शर्यतीसाठीची ताकद तेथेच खर्च करीत आहे, असे समजावे.

गेल्या हंगामातली एक घोडी मला आठवते. पहिल्याच शर्यतीला आलेली, अंगाने लहान, लोकांच्या गर्दीकडे पाहून दोनदा खिंकाळली. सईस तिच्या खांद्याला खांदा लावून चालत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. दुसऱ्या फेरीत तिने कान त्याच्याकडे वळवले, तिसऱ्या फेरीत मान खाली घातली. जॉकी चढला तेव्हा ती दगडासारखी स्थिर होती. जी घोडी घाबरून पुन्हा सावरते तिच्यात शिकण्याची वृत्ती असते, आणि पहिल्या शर्यतीत शिकणे हेच अर्धे काम असते. ती त्या दिवशी चौथी आली आणि पुढच्या वेळी जिंकली.

पायही पाहावेत. या वयात पुढच्या पायांच्या नळीचे हाड दुखावणे ही नेहमीची तक्रार आहे. घोडा पाऊल आखडून, जपून टाकत असेल, तर त्याच्यावर पैसे लावू नयेत आणि तो धावू नये अशीच इच्छा करावी. कोवळ्या हाडांवर घाईने भार टाकलेला पाहणे मला आजही सहन होत नाही.

प्रश्न : पुढील शर्यतीचा अंदाज कसा बांधाल? अंतर १२०० मीटर, दहा घोडे. ‘अ’ दोनदा धावून दोन्ही वेळा दुसरा, पहिल्यांदा अर्ध्या लांबीने, नंतर तीन लांबींनी हरलेला. भाव शंभराला एकशेवीस. ‘आ’ एकदाच धावला, गेटवर मागे राहिला, शेवटी जोरात येऊन पाचवा; शंभराला पाचशे. ‘इ’ नवखा, सरावात ८०० मीटर ५२, ६०० मीटर ४०, शंभराला तीनशे. ‘ई’ नवखी घोडी, ८०० मीटर ५३, ६०० मीटर ३९, शंभराला नऊशे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी भावाची टक्केवारी काढू. शंभराला एकशेवीस म्हणजे शंभर लावून जिंकल्यास वर एकशेवीस मिळणार; २२० मधले १०० आपले, म्हणून बाजार ‘अ’ला सुमारे ४५ टक्के संधी देतो. त्याच हिशेबाने ‘आ’ला १७, ‘इ’ला २५ आणि ‘ई’ला १० टक्के. या चौघांचीच बेरीज ९७ होते. उरलेल्या सहा घोड्यांचे भाव मिळवले की ती शंभराच्या बरीच पुढे जाईल. हा वरचा भाग बुकीचा असतो, आणि टोटवर, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून वाटणाऱ्या क्लबच्या खिडकीवर, लावले तरी जमलेल्या रकमेतून कपात होतेच. म्हणून ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणाचा भाव त्याच्या खऱ्या संधीपेक्षा जास्त आहे’ हा खरा प्रश्न आहे.

‘अ’ विश्वासाचा आहे, पण दुसऱ्या वेळी तो सुधारला नाही, मागे गेला. तरण्या घोड्याने पहिल्या धावेनंतर दोन-तीन लांबी तरी सुधारावे ही अपेक्षा असते. दुसऱ्या वेळी त्याला हरवणारा घोडा पुढे वरच्या वर्गात जिंकला असेल, तर मी माझे मत बदलेन. एरवी त्याला ३३ टक्क्यांपलीकडे देणार नाही. ‘आ’ मला सर्वांत आवडतो. गेटवर मागे राहणे हा नवखेपणाचा दोष आहे, ताकदीचा नव्हे, आणि तो दुसऱ्या वेळी बहुधा जातो. त्याला २२ टक्के. ‘इ’चा भाव त्या ५२ सेकंदांमुळे खाली आला आहे, आणि त्यामागचे ४० सेकंद लोकांनी पाहिलेले नाहीत, त्याला १५. ‘ई’ला दीड किलोची सवलत आणि तिचा तो वाढत गेलेला वेग धरून १४. बाकी सहा मिळून १६.

म्हणजे ‘अ’ जिंकण्याची शक्यता सर्वाधिक असूनही मी त्याच्यावर लावणार नाही. लावलेच तर ‘आ’वर, आणि थोडेसे ‘ई’वर प्लेसला, म्हणजे ती पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. पॅडॉकमध्ये ‘आ’ घामाने निथळताना दिसला, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून ती शर्यत मी नुसती पाहीन.

प्रश्न : पुण्याच्या हंगामात चांगला धावलेला घोडा मुंबईत का फसतो?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : मुख्यतः जमिनीमुळे. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, तेव्हा गवताखालची माती मऊ असते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला, तेव्हा ती घट्ट असते. शर्यतीच्या दिवशी क्लब पेनेट्रोमीटरचे मोजमाप जाहीर करतो, म्हणजे वजनाच्या जोरावर सळई जमिनीत किती शिरते तो आकडा. आकडा जितका मोठा, तितकी जमीन मऊ. त्याच्याच शेजारी फॉल्स रेल, म्हणजे आतल्या बाजूचा हलवता येणारा कठडा, किती मीटर बाहेर घेतली आहे, हेही छापलेले असते. रेल बाहेर घेतली की आतले झिजलेले गवत झाकले जाते आणि घोडे ताज्या पट्ट्यावर धावतात, त्यामुळे मागच्या आठवड्याच्या वेळेशी आजच्या वेळेची तुलना सरळ करता येत नाही. मोठ्या टापांचा, पाय उंच उचलून धावणारा घोडा मऊ जमिनीवर रमतो, आणि खाली पाय ठेवून झपाट्याने सरकणारा घट्ट जमिनीवर. आपल्या घोड्याच्या दोन्ही शर्यतींच्या दिवशीचे हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. त्यानंतरही उलगडा झाला नाही, तर घोड्याचे नाव व दोन्ही शर्यतींच्या तारखा कळवाव्यात. पुढील अंकात त्या मी स्वतः तपासून उत्तर देईन.