तिबेटी वनौषधी अस्सल आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

मॅक्लोडगंजच्या बाजारातून घेतलेली जटामांसी, कुटकी (ही दोन औषधी मुळं) आणि कीडाजडी (अळीतून उगवणारी बुरशी) खरी आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी काष्ठौषधींच्या खरेदीत काम करतो, म्हणून लिहितो.

पूड घेतली असेल तर घरी काहीच कळणार नाही, ती प्रयोगशाळेलाच दाखवावी लागेल. पूड विकत घेऊच नये, या मताचा मी आहे.

जटामांसी अख्खी असेल तर तांबूस-तपकिरी केसांनी मढलेली दिसते, आणि तिचा उग्र वास हाताला बराच वेळ राहतो. तिच्यात भूतकेशीची मुळं मिसळतात. कुटकीचा तुकडा मोडून पाहा: तडकन तुटतो, आतून काळपट असतो. नुसत्या कडूपणावर जाऊ नका, कारण तिच्या जागी खपवलं जाणारं त्रायमाणाचं मूळही कडूच. शिवाय अनोळखी मूळ जिभेवर ठेवूच नका. आमची, म्हणजे तिबेटी वैद्य, चव घेऊन पारखतात ते ठीक, पण औषधी अतिविष आणि विषारी बचनाग एकाच वंशातले. बचनाग शोधनाशिवाय, म्हणजे विष उतरवण्याच्या प्रक्रियेशिवाय, विषच.

सगळ्यात जास्त फसवणूक कीडाजडीत, म्हणजे यार्सागुंबात. खऱ्या जडीत अळीचं पिवळसर-तपकिरी, वळ्यावळ्यांचं शरीर असतं. पायांच्या मधल्या चार जोड्या ठळक दिसतात, आणि डोक्यातून एकच गडद देठ निघालेला असतो. वजन वाढवायला आत तार किंवा काडी खुपसतात, म्हणून एक तरी मोडून बघा. दुकानदार मोडू देत नसेल तर उठून या, एवढ्या भावाची वस्तू न बघता कोण घेतं! पिठाचा साचा असेल तर पाण्यात विरघळतो. नारिंगी, अळी नसलेली बुरशी मिळाली तर ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. ती प्रयोगशाळेत सहज वाढवतात. ती बनावट नाही, पण कीडाजडीचा भाव तिला देऊ नका. आणि खरी जडी म्हणजे शुद्ध असंही नाही: २०१६ मध्ये चीनच्या अन्न-औषध प्रशासनाने तिच्यातल्या आर्सेनिकबद्दल इशारा दिला होता.

विक्रेत्याला शास्त्रीय नाव विचारा. तिबेटी वैद्यकात 'तिक्ता' ही कडू वनौषधीच भारतीय, नेपाळी आणि तिबेटी अशी तीन प्रकारची. आपलं काडेचिराईत त्यातलं भारतीय. त्यामुळे वेगळी वनस्पती हाती आली म्हणजे लबाडीच झाली असं नाही. कुठली, कधी काढली, कशी वाळवली, हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडून घ्या. तिबेटी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात, ग्युशीत, जागा, हंगाम, वाळवण आणि ताजेपणा या गोष्टींना औषधाच्या गुणाइतकंच महत्त्व दिलंय.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर थांबा. जटामांसी आणि कुटकी साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहेत, कच्ची मुळं परवान्याशिवाय सीमेपार जात नाहीत.

रेशमी कापडात गुंडाळलेल्या 'रिनचेन' या तिबेटी औषधी गोळ्यांबद्दल मात्र मी घरगुती कसोटी सांगणार नाही. त्यांतल्या काहींत प्रक्रिया केलेला पारा असतो. त्या मेन-त्सी-खांग या तिबेटी वैद्यक संस्थेच्या शाखेतून, आमचीला नाडी दाखवूनच घ्या.