इन्स्टंट कॉफी ढवळल्यावर कपाचा आवाज चढत का जातो?

इन्स्टंट कॉफी ढवळून कप वाजवत राहिलं की आवाज चढत जातो, तो कॉफी निवते म्हणून का, असं तुम्ही विचारलंत. आवाज चढतो हे खरं, तुम्ही म्हणता तसंच होतं. पावडर ढवळून चमच्याने कपाच्या तळाला आतून टकटक करत राहिलं, की आधी बद्द आवाज येतो आणि मिनिटभरात तो चढत चढत खणखणीत होतो. पण कॉफी निवते म्हणून असं होतं, हा तुमचा अंदाज मला पटत नाही. आवाज चढल्यावर पुन्हा जोरात ढवळून पाहा, तो परत खाली येतो. ढवळून कॉफी काही पुन्हा तापत नाही!

हे सगळं हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे होतं. पावडरीबरोबर हवा आत जाते, शिवाय पाण्यात विरघळलेली हवाही तिच्या कणांवर बुडबुडे धरते. तळावर टकटक केली की कपातला पाण्याचा स्तंभ कंप पावतो. त्याचा स्वर पाण्याच्या उंचीवर आणि त्यातून ध्वनी किती वेगाने जातो यावर ठरतो. उंची तीच राहते, वेग बदलतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर, हवेत 340. मग पाण्यात शंभरात एक भाग हवा बुडबुड्यांच्या रूपात मिसळली तर? 120 मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी! मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा उत्तरावर विश्वास बसेना. पण हवा पाण्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज दाबली जाते. त्यामुळे हे मिश्रण वजनाला जवळजवळ पाण्याइतकंच जड राहतं आणि दाबायला मात्र फार मऊ होतं. जड आणि मऊ माध्यमात ध्वनी रेंगाळतो. बुडबुडे वर येऊन फुटत गेले की वेग वाढतो आणि स्वर चढतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी 1982 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये यावर 'द हॉट चॉकलेट इफेक्ट' या नावाचा लेख लिहिला. त्यावरूनच याला 'हॉट चॉकलेट इफेक्ट' म्हणतात. बुडबुडे भरपूर असतील तर स्वर दोन सप्तकांहूनही जास्त चढू शकतो.

जलतरंगाशी मात्र याची गल्लत करू नका. तिथे काडी वाटीच्या कडेवर पडते आणि मुख्यतः वाटीच कंप पावते, म्हणून पाणी वाढवलं की स्वर उतरतो. तेव्हा कडेवर नको, तळावरच वाजवा, आणि कागदी कपाऐवजी चिनी मातीचा जाड मग घ्या.