मुंबईत बस चालवणाऱ्या आणि वीजही पुरवणाऱ्या बेस्टचा तोटा मुंबई महापालिका का भरून काढत नाही, आणि त्याचा रस्त्यावरच्या सुरक्षेशी काय संबंध?

पालिका पैसे देते, पण अनुदान आणि कर्जाच्या रूपाने, दरवर्षी नव्याने ठरवून. पूर्वी वीज विभागाच्या ग्राहकांकडून परिवहनाची तूट वसूल व्हायची. ती वाट बंद झाली आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. 2019 मध्ये किमान भाडे कमी होऊन 5 रुपये झाले, मग वाढून मे 2025 मध्ये साध्या बसचे 10 आणि वातानुकूलित बसचे 12. भाडेवाढीने तूट थोडी कमी होते, मिटत नाही.

आता सुरक्षेचं. स्वतःच्या बस घ्यायला पैसा नाही म्हणून भाडेतत्त्वावरच्या बस आल्या. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, पैसे किलोमीटरमागे. दर कमी पडला की पहिली कात्री चालकाच्या पगाराला आणि प्रशिक्षणाला लागते. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर इलेक्ट्रिक बसने लोकांना चिरडलं, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. या बसला क्लच नसतो आणि पिकअप लगेच मिळतो. डिझेल बसची सवय असलेल्या पायाला नव्याने शिकावं लागतं. गर्दीच्या रस्त्यावर प्रत्यक्ष सराव हवाच, डेपोच्या आवारातल्या फेऱ्या पुरत नाहीत.

नगरसेवकाला नुसतं ‘बस वाढवा’ म्हणू नका. माहिती अधिकारात अर्ज करून तीन गोष्टी मागा: करारातला किलोमीटरमागचा दर, चालकाच्या प्रशिक्षणाचे किमान दिवस, आणि कंत्राटदाराला गेल्या वर्षी झालेला दंड. धोकादायक चालवलेल्या बसची तक्रार करताना मार्ग क्रमांकासोबत गाडीची नंबरप्लेट आणि वेळ लिहा, नाहीतर चालक सापडत नाही.