गिअरबॉक्स गेलाय, हे लगेच मान्य करू नका

ऑटोमॅटिक गाड्यांवरची पत्रं सध्या खूप येतायत आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य असतंच, "मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला". गेला असेलही, पण कशावरून ते त्याने सांगितलेलं नसतं आणि आपणही विचारलेलं नसतं. म्हणून या वेळी थोडे प्रश्न घेतलेत आणि उत्तरं जरा सविस्तर दिलीत.

प्रश्न : दादा, माझी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे, लाखभर किलोमीटर झालेत. साठ-सत्तरच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवला की गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, जोरात दाबला की काही नाही. एकाने प्लग बदलले, फरक नाही. दुसरा म्हणतो ओव्हरहॉल करा. काय करू?

ओव्हरहॉलला अजिबात हो म्हणू नका, आत्ता तरी नाही. रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटत असेल तर संशय सगळ्यात आधी कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर जातो. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग. एरवी त्या दोघांमध्ये फक्त ऑईल असतं, ताकद त्या ऑईलमधूनच पुढे जाते, पण एकसारख्या स्पीडला पेट्रोल वाचावं म्हणून कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच दोघांना थेट जोडतो. ऑईल जुनं झालं की हा क्लच धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही, पकड-सोड पकड-सोड करत राहतो, तीच ती थरथर.

खात्री करायची एक सोपी पद्धत आहे. रिकामा सरळ रस्ता बघा, मागे कुणी नको. थरथर सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेकलाईट लागेल इतकाच, गाडी थांबवायची नाहीये. ब्रेकचा सिग्नल मिळाला की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. त्याच क्षणी थरथर गेली तर दोष लॉक-अपचा. गेली नाही, आणि चढावर किंवा फुल रेस दिल्यावर उलट वाढते, तर मग इग्निशन कॉईल, इंजेक्टर बघा, मिसफायर असणार, म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसणार.

लॉक-अपच निघाला तर आधी ऑईल. चेंबरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑईल साठवणाऱ्या ट्रेचा, बोल्ट काढून जे बाहेर पडतं ते एकूण ऑईलच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मं असतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि इकडेतिकडे अडकून राहतं, त्यामुळे एकदा बदलून "फरक नाही पडला" म्हणू नका. एकदा बदला, थोडे दिवस चालवा, परत बदला, गरज वाटली तर तिसऱ्यांदा. वेळेत केलं तर कितीतरी गाड्यांची थरथर एवढ्यावर थांबते. क्लचचं अस्तरच झिजलं असेल तर मात्र कन्व्हर्टर बदलावा लागतो. आणि ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या, "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी. या ऑईलमध्ये क्लचने किती घट्ट पकडायचं ते ठरवणारं रसायन घातलेलं असतं आणि खरा खेळ त्याचाच आहे (१९७०च्या दशकापर्यंत त्यासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे, त्यावर बंदी आल्यावर कंपन्यांना नवीन फॉर्म्युले शोधावे लागले).

प्रश्न : सकाळी गाडी सुरू करून 'डी'ला (ड्राईव्ह) टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्क्याने पकडते. पार्किंगमध्ये लालसर थेंबही दिसतात.

ताई, उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहिलाय. गिअरबॉक्सचं ऑईल इंजिन ऑईलसारखं जळून संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. आणि आतले क्लच ऑईलच्या प्रेशरवर दाबले जातात, त्यामुळे ऑईल कमी असलं की प्रेशर बनायला वेळ लागतो आणि गिअर उशिरा पडतो.

डिपस्टिक असेल तर लेव्हल बघा : गाडी चालवून गरम केलेली, सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून सावकाश फिरवून परत 'पी'ला (पार्क) आणायचा आणि इंजिन चालू असतानाच मोजायचं. काही कंपन्या इंजिन बंद करून मोजायला सांगतात, म्हणून एकदा मॅन्युअल उघडाच. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक देतच नाहीत, तिथे ऑईल ठराविक टेम्परेचरला आणून खालच्या प्लगमधून लेव्हल बघावी लागते, ते काम लिफ्टवरच होतं.

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पाडा आणि नीट बघा. लाल, आरपार दिसणारा असेल तर छान. तपकिरी झालंय पण वास ठीक, तर बदलायला आलंय. काळपट आणि करपलेला वास असेल तर आत क्लच जळतोय. (काही कंपन्यांचं ऑईल मुळातच हिरवं किंवा पिवळट असतं, तेव्हा नवीन कसं दिसतं ते माहीत असू दे.) आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, सुरूसुद्धा करू नका, रेडिएटरमधला ऑईल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय आणि पाण्याने क्लचचं अस्तर सुटत जातं.

गळती बहुतेक वेळा चेंबरचं गॅस्केट, ड्राईव्हशाफ्टचे सील किंवा कूलरकडे जाणारे पाईप इथूनच असते आणि ही सगळी कामं गिअरबॉक्स न उघडता होतात. लेव्हल पूर्ण असूनही उशीर होत असेल तर मात्र फिल्टर चोक झालाय किंवा आतले सील कडक झालेत, मग प्रेशर मोजून घ्यायला सांगा. चालवताना आरपीएम चढतोय आणि गाडी उठत नाहीये असं व्हायला लागलं तर त्या अवस्थेत गाडी पळवू नका, प्रत्येक किलोमीटरला क्लच घासला जातोय.

प्रश्न : लिव्हर 'पी'मधून निघतच नाही.

ब्रेक दाबून कुणाला तरी मागे बघायला सांगा, ब्रेकलाईट लागतायत का? लागत नसतील तर आधी फ्यूज बघा, मग ब्रेक पेडलचा स्विच. छोटासा पार्ट आहे, पण ब्रेक दाबलाय हे गाडीला कळलंच नाही तर ती लिव्हर सोडत नाही. तोवर काम भागवायला बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक झाकलेली खाच असते, त्यात किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. उतारावर लावलेली गाडी अडकत असेल तर गोष्ट वेगळी, गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर आलंय. आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय हलका सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि मगच 'पी'.

प्रश्न : कंपनी म्हणते ऑईल लाईफटाईम आहे, बदलायचं नाही. मित्र म्हणतो जुन्या गिअरबॉक्सचं ऑईल बदललं की तो मरतो. एक लाख वीस हजार झालेत.

दोघांचंही ऐकू नका. कितीतरी नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑईल बदला म्हणते. बनवणाराच बदला म्हणतोय तर लाईफटाईम कसलं?

मित्राच्या भीतीमागे मात्र थोडं तथ्य आहे. ऑईल बदलल्याने गिअरबॉक्स मरत नाही, तो आधीच झिजलेला असतो, स्लिप व्हायला लागल्यावर लोक शेवटचा उपाय म्हणून ऑईल बदलतात आणि मग नाव ऑईलचं येतं. तरी तुमच्या गाडीला मशीन लावून प्रेशरने फ्लश करू नका, साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे आतलं ऑईल हवं तिकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये अडकू शकते. चेंबर उघडून साधं ड्रेन करा, फिल्टर बदला, आणि चेंबर उघडला की तिथे स्वतः उभे राहा. आत एक लोहचुंबक असतो, त्यावर राखाडी लेप दिसेल, तो बोटांत चोळून बघा. काजळासारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. पण टोचणाऱ्या चकत्या, तुकडे हाताला लागले तर नवीन ऑईलवर पैसे घालू नका, मग खरंच गिअरबॉक्स उघडायची वेळ आलीये.

प्रश्न : ट्रॅफिकमध्ये एएमटी हिसके देते. ड्युअल क्लचवाल्या भावाच्या गाडीत तर ओव्हरहीटचा मेसेज येतो.

एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक करतं. थोडा हिसका तिच्या स्वभावातच आहे, गिअर बदलताना पाय किंचित सैल केला की कमी होतो. अचानक वाढला असेल तर क्लच झिजलाय किंवा त्याचं कॅलिब्रेशन बिघडलंय, स्कॅनर लावून रीलर्न, म्हणजे ते कॅलिब्रेशन नव्याने, करून घ्या. भावाच्या गाडीत क्लच ड्राय प्रकारचा असेल तर तो फक्त हवेवर थंड होतो, इंच-इंच सरकत राहिलं की सतत अर्धवट घासतो. पुढे थोडी जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम पुढे जा आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबा. आणि चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय दोघांनीही आजच सोडा, क्लच जाळायचा त्याहून झटपट मार्ग नाही.

प्रश्न : गाडी अचानक तिसऱ्या गिअरला अडकली, लाईट लागला. बंद करून सुरू केली, ठीक झाली.

हा लिंप मोड. काहीतरी चुकतंय असं वाटलं की कंट्रोल युनिट गिअरबॉक्सला वाचवायला एकाच गिअरवर येतं. ठीक झाली म्हणून विसरू नका, बिघाडाचा कोड आत जपलेला असतो. पी०७०० एवढाच दिसला तर त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये आणखी एखादा कोड आहे, त्यामुळे ते युनिट वाचणारा स्कॅनरच लागतो. कोड लिहून घेतल्याशिवाय कुणालाही पुसू देऊ नका. आणि बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंग आधी तपासा, व्होल्टेज पडलं तरी असे कोड येतात आणि स्पीड सेन्सरची वायर सैल असली तरी.

प्रश्न : बंद पडली तर दोरी बांधून ओढली तर चालेल?

नाही, काका. इंजिन बंद म्हणजे ऑईलचा पंप बंद, आणि चाकं फिरली की आतले भाग कोरडे फिरतात. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा, नाहीतर निदान ज्या चाकांना ताकद जाते ती उचललेली हवीत, आणि ऑल-व्हील असेल तर चारही. धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही, त्यामुळे तो प्रयत्नही करू नका.