वडील डायलिसिसवर आहेत, घराचा संपत्तिकर पाच वर्षांचा थकला आहे. इंदूरमध्ये आजारपणामुळे कर माफ होतो का?

नाही होत. नुसतं आजारपण दाखवून एक रुपयाही माफ होत नाही. अर्ज कोणाकडे करायचा असं तुम्ही विचारलंय, पण असा अर्जच नसतो.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण ‘बिलं आली की वडील लपवून ठेवतात’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि चहा घेऊन लिहायला बसलो. (चहा म्हणजे अर्धा कप. आम्हा डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून असतं, तुम्हाला काय सांगायचं.)

मी २०१८पासून डायलिसिसवर आहे, मंगळवार आणि शुक्रवार. घर रामबागेत, बाबांनी बांधलेलं. खाली आम्ही, वर दोन खोल्या किरायाच्या. नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं, बिल आलं की मी ते देवघराच्या खालच्या खणात, जुन्या पंचांगांखाली सारून द्यायचो. बायकोला वाटायचं, भरलं. एका डायलिसिसचे चौदाशे, वर इंजेक्शन, वर जाण्यायेण्याची रिक्षा. बिल राहिलं तर शुक्रवारपर्यंत काही होत नाही. इंजेक्शन चुकलं की हिमोग्लोबिन सातवर येतं आणि स्वतःच्याच घराचा जिना चढवत नाही. मग माणूस काय आधी भरेल? तुमच्या वडिलांना रागावू नका.

२०२२च्या मार्चमध्ये नोटीस आली ती नेमकी बायकोच्या हातात. ४१,३०० रुपये, अधिभार (उशिराचा दंड) धरून. तिने रडत पुण्याला दादाला फोन लावला. दादा म्हणाला, “कर भरायची ऐपत नाही तर घर कशाला धरून बसलाय? विका म्हणावं आणि सुपर कॉरिडॉरला छोटा फ्लॅट घ्या.” माझं डायलिसिस सेंटर घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. शहराच्या पार टोकाच्या त्या सुपर कॉरिडॉरहून आठवड्यातून दोनदा, चार तास मशीनला लागून परत येताना काय होतं, हे पुण्यात बसून कळत नाही.

मी निगमच्या झोन ऑफिसात गेलो. बाबू तरुण होता, खाता उघडून म्हणाला, “काका, वर किरायेदार आहे ना अजून?” किरायेदार २०१९ सालीच गेला होता. माझी तब्येत अशी, वर नवीन बिऱ्हाड कोण ठेवणार, म्हणून खोल्या मुलाने घेतल्या. पण कागदावर वरचा मजला किरायाचाच. आपल्याकडे स्वतः राहता त्या भागाच्या संपत्तिकरात निम्मी सूट असते हे तुम्हाला माहीत असेलच. तर वरच्या मजल्याचा पूर्ण कर मी तीन वर्षं स्वतःवर चढू देत होतो. चूक माझीच. निगम काय स्वप्नात येऊन विचारणार?

नवीन विवरणी, म्हणजे घराच्या वापराचा कराचा फॉर्म, भरायला गेलो तर मालक बाबा, आणि बाबा २००६ सालीच गेले. म्हणजे आधी नामांतरण, निगमच्या खात्यावरचं नाव बदलणं. त्याला सगळ्या वारसांची संमती. म्हणजे दादाची सही.

दादाने सही द्यायला चौदा महिने लावले. “सही केली की माझा हिस्सा गेला,” हे एकच पालुपद. वकिलाने फोनवर समजावलं, मी समजावलं: निगमच्या खात्यात नाव चढणं म्हणजे मालकी नव्हे. कर कोणाकडून घ्यायचा एवढीच ती नोंद. सुप्रीम कोर्टाने हे एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. हिस्सा जागच्या जागी राहतो. शेवटी पुतण्याच्या मुंजीला सगळे इथे आले, सकाळी पोहे चालले होते, वहिनींनी काही न बोलता पेन आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. झाली सही.

थकबाकी नॅशनल लोक अदालतीत, म्हणजे तडजोडीने प्रकरणं मिटवतात तिथे, मिटवली. कर आणि अधिभार मिळून ५०,००० पर्यंत असेल तर अधिभार पूर्ण सुटतो. एक लाखापर्यंत निम्मा, त्यावर पाव. मूळ कर मात्र पूर्ण भरावा लागतो. मी अर्धे त्या दिवशी भरले, अर्धे नंतर. मागच्या तीन वर्षांचा वरच्या मजल्याचा जास्तीचा कर गेला तो गेलाच.

मनाला लागून राहिलंय ते वेगळंच. निगमच्या कायद्यात विधवेला सूट आहे, तिचं पोट मुख्यतः त्याच घराच्या किरायावर चालत असेल तर, तेही वार्षिक भाडेमूल्याच्या (निगम घराचं वर्षाचं जे भाडं धरतं त्याच्या) ठरावीक रकमेपर्यंत. आई नऊ वर्षं त्याच दोन खोल्यांच्या किरायावर जगली. घर तिच्या नावावर चढलं असतं तर अर्ज तरी करता आला असता. तेव्हाही दादा म्हणाला होता, “घाई काय आहे?”

तीच सूट कमवू न शकणाऱ्या अपंगांनाही आहे, अट तीच, किरायाची. पण डायलिसिसवर आहे म्हणून दिव्यांग कार्ड मिळेल या आशेवर राहू नका. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसिमिया, हिमोफिलिया आहेत, किडनी नाही. का नाही, विचारू नका, मीही खूप डोकं फोडलंय.

डायलिसिसचा खर्चच कमी करता आला तर पाहा. वडील सत्तर किंवा त्यावर असतील तर आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता निघतं आणि डायलिसिस त्यात बसतं. मी अजून ६३चा आहे.

जप्तीचं विचारलंत. कायद्यात आहे, आमच्या दारात कोणी आलं नाही. तुमची रक्कम तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून जास्त बोलत नाही. आणि हो, लोक अदालतीच्या सवलतीचा आदेश दर वेळी नवा निघतो, कुठल्या वर्षापर्यंतची बाकी धरलीय ते झोनवर विचारूनच जा. जलकराचं खातं वेगळं, त्याची सूटही वेगळी.

घर आजोबांच्या नावावर असेल आणि काका-आत्या बाहेरगावी असतील, तर सह्या आत्ताच घ्या, वडील बोलू शकतात तोवर. कोणी ‘विकून टाका’ म्हणालं तर त्याला एकदा वडिलांबरोबर डायलिसिसला पाठवा, परतीच्या रिक्षासकट. मी आता दर वर्षी कराची पावती दादाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. तो अंगठा पाठवतो.

डिसेंबरची अदालत बहुधा दुसऱ्या शनिवारी असते. वडिलांचा वार शनिवार असेल तर सेंटरला आधीच सांगून बदलून घ्या.